ऊन तापलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका

मराठवाड्यात उन्हाची काळजी होळीनंतर सुरू होते आणि मृगाच्या पावसाबरोबर संपते. गल्लत इथेच आहे. आपण ऊन चटक्यावरून जोखतो. पण चटका देणारे किरण वेगळे आणि कातडी, डोळे बिघडवणारे वेगळे. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत जवळपास निम्मा वाटा अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, उष्णतेच्या) किरणांचा असतो, अंग तापतं ते मुख्यतः त्यांच्यामुळे. बाकी बहुतेक दिसणारा प्रकाश. कातडी, डोळे बिघडवणारे अतिनील (यूव्ही) किरण जेमतेम ५ टक्के, पण ते दिसत नाहीत आणि जाणवतही नाहीत.

म्हणून थंडीत माणूस बेसावध राहतो. नोव्हेंबरात कापूस वेचणाऱ्या बाया साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्याला दस्ती बांधतात. ते कापसाच्या काट्याकुट्यांसाठी असलं तरी किरणांसाठीही तितकंच योग्य आहे. हवा गार असल्यामुळे काढून ठेवू नका. साधी खूण सांगतो: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर अतिनील किरण जोरात आहेत असं समजा. नांदेड-परभणीकडे डिसेंबरातही भर दुपारी सावली उंचीपेक्षा थोडी आखूडच पडते! शिवाय पारा दुपारी तीन-चारच्या सुमारास चढतो, अतिनील किरणांचा जोर मात्र साडेबाराच्या आसपास सर्वाधिक असतो. आभाळात विरळ ढग असले तरी त्यातले बरेच किरण खाली येतात.

दुसरी चूक ‘ड’ जीवनसत्त्वाची. सकाळी सातचं कोवळं ऊन अंगावर घेणं प्रसन्न वाटतं, पण हे जीवनसत्त्व अतिनीलातल्या ज्या ‘यूव्ही-बी’ प्रकारच्या किरणांमुळे बनतं, ते सूर्य इतका खाली असताना जवळजवळ नसतातच. सूर्य वर आल्यावर हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसा, कातडी लाल व्हायच्या आत उठा. बंद खिडकीमागे बसून उपयोग नाही. काच ‘यूव्ही-बी’ अडवते आणि अतिनीलाचा दुसरा प्रकार, ‘यूव्ही-ए’, बराचसा आत सोडते. दिवसभर गाडी चालवणाऱ्यांचा काचेकडचा हात काळवंडतो तो यामुळेच.

बाजारातला स्वस्त काळा गॉगल तर मला सगळ्यात जास्त खटकतो. काच नुसती गडद असली की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि अतिनील किरणांना आत जायला वाट मिळते. अशा किरणांनी मोतीबिंदूचा धोका वाढतो. ‘यूव्ही-४००’ (म्हणजे अतिनील किरण अडवणारा) असं लिहिलेला गॉगल भरवशाच्या दुकानातूनच घ्या.

आता उष्णतेचं. उन्हात गेलो नाही म्हणजे ऊन लागणार नाही, हे खरं नाही. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तापलेला पत्राच खाली अवरक्त किरण फेकत असतो. पत्र्याला वरून चुना मारा, खाली चटई किंवा जुन्या साड्यांचं छत बांधा. घरातलं म्हातारं माणूस बरळायला लागलं किंवा शुद्ध हरपू लागलं, तर पाणी पाजत बसू नका. अंग ओलं करा, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन लावा.