घोडदळातला शूर शिपाई, पुढे शेरीफ: अशी गोष्ट कागदावर कशी तपासावी

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये माझी एकोणतीस वर्षं गेली. टेक्सासात ॲमरिलोला मुलीकडे गेलो, तेव्हा जावई कौतुकानं सांगू लागले, "बाबा, इथला बिली डिक्सन. घोडदळातला शिपाई, मेडल ऑफ ऑनर, म्हणजे इथलं लष्करी शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं, मग शेरीफ, म्हणजे जिल्ह्याचा पोलीसप्रमुख झाला." माझ्या तोंडून आपसूक गेलं, "नक्कल कुठाय?"

माझी रीत साधी आहे. वाक्यात जितकी बिरुदं, तितके बस्ते वेगळे सोडायचे.

आधी 'शिपाई'. अमेरिकन सैन्याच्या भरतीची रजिस्टरं आहेत, १७९८ ते १९१४. एका आडव्या ओळीत वय, जन्मठिकाण, धंदा, डोळ्यांचा रंग, उंची, रेजिमेंट, शेवटी सुटका कधी आणि वर्तन कसं. नाव चार स्पेलिंगांनी शोधा. खोट्या नावानं भरती होणारेही कमी नव्हते.

पण सहाव्या घोडदळाच्या भरतीत डिक्सन शोधत बसू नका. तो स्काउट, म्हणजे पगारावर घेतलेला मुलकी वाटाड्या. त्याआधी म्हशींची, म्हणजे बायसनची, कातडी विकण्यासाठी शिकार करणारा. त्याच शिकारीनं कोमांची आणि कायोवा या तिथल्या मूळ रहिवाशांचं अन्न संपत चाललं होतं, लढाई त्यातूनच पेटली. हे गौरवाच्या कागदात येत नाही, आपण समासात लिहून ठेवावं. असल्या माणसांसाठी क्वार्टरमास्टरचा, म्हणजे सैन्याच्या पुरवठा अधिकाऱ्याचा, मासिक तक्ता बघा. मथळाच मोठा मजेशीर: भाड्यानं घेतलेल्या व्यक्ती व वस्तू.

मग पदक मिळालं तो प्रसंग. १२ सप्टेंबर १८७४. कोमांची-कायोवांवरच्या मोहिमेतल्या जनरल माइल्सचं टपाल घेऊन सहा जण निघाले: घोडदळाचे चार, स्काउट दोन, डिक्सन आणि एमॉस चॅपमन. कोमांची-कायोवांचा वेढा पडला तेव्हा आडोसा काय, तर म्हशी लोळून झालेला उथळ खड्डा. सुऱ्यांनी आणि हातांनी माती उकरून कडेला बांध घातला. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. दुपारी वादळी पाऊस आला, खड्ड्यात साचलेलं रक्तामातीचं पाणी तेच प्यायले. जॉर्ज स्मिथ मेला, चॅपमनचा पाय पुढे कापावा लागला. आता जखमी साथीदाराला खड्ड्यात कोणी ओढून आणलं? चॅपमननं स्मिथला, अशी एक हकिकत. मी चॅपमनला, असं डिक्सन सांगे. अशा वेळी निकाल देऊ नये. दोन रकाने पाडावेत आणि प्रत्येक हकिकत कोणी, किती वर्षांनी सांगितली ते वर लिहावं. डिक्सनचं आत्मकथन त्याच्या बायकोनं उतरवून घेतलं आणि तो गेल्यावर छापलं, हेही.

'पदक' तपासताना मिळालं एवढ्यावर थांबू नका, रद्द झालं का ते बघा. आपल्याकडे सातबारावर नाव लागलं की लोक निवांत होतात आणि पुढचा फेरफार वाचतच नाहीत, तसं होतं. १९१७ मध्ये सैन्याच्या एका मंडळानं ९११ नावं पदकाच्या यादीतून काढली. मुलकी माणूस म्हणून डिक्सनचंही गेलं. मंडळाचा अध्यक्ष कोण? तोच माइल्स, ज्यानं हे पदक त्याच्या छातीवर लावलं होतं! चार शिपायांची पदकं राहिली, त्याच खड्ड्यातल्या दोन स्काउटांची गेली. १९८९ मध्ये ती परत मिळाली. डिक्सन तर १९१३ लाच वारला होता.

'शेरीफ'साठी लष्करी दफ्तराचा काही उपयोग नाही, काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, क्लार्ककडे जा. हचिन्सन काउंटी १९०१ साली उभी राहिली, तिचा हा पहिला शेरीफ. निवडणुकीचे निकाल, शपथ, जामीनपत्र आणि कमिशनर्स कोर्टाचं (नाव कोर्ट, पण ते काउंटीचा कारभार बघणारं मंडळ) इतिवृत्त मागा. टेक्सासच्या लहान काउंटीत तेव्हा करवसुलीही शेरीफकडेच होती, म्हणून वसुलीची वही विसरू नका. पिस्तुलापेक्षा पावतीपुस्तकच जास्त हाती यायचं. डिक्सननं राजकारणाला कंटाळून लवकरच पद सोडलं.

राहता राहिली कबर. तिच्यावरून मृत्यूचं ठिकाण धरू नका. डिक्सनची आज ॲडोबी वॉल्सला आहे, पण तिथं त्याला १९२९ मध्ये हलवलं. आधी टेक्सलाइनला पुरलं होतं. दोन्ही गावं टेक्सासात, आणि वारला ओक्लाहोमात. दगड बघून निघालात तर मृत्यूचा दाखला चुकीच्या राज्यात मागत बसाल.