लाईट गेल्यावर रेडिओ नुसता खरखरतो?

निपाणी-खानापूरकडं पावसाळ्यात लाईट गेली की मोबाईलचा टॉवरही फार वेळ टिकत नाही. मग सेलवरचा रेडिओच कामाचा.

१. मिडियम वेव्हला वरची काडी ओढून उपयोग नाही. अँटेना आत आडवी असते. त्यामुळं अख्खा रेडिओच जागेवर हळूहळू फिरवा, एका दिशेला आवाज एकदम सुटतो. काडी एफएमसाठी, ती पूर्ण ओढा.

२. इन्व्हर्टर, चार्जर, एलईडी दिव्यापासून दोन-तीन मीटर लांब, खिडकीपाशी ठेवा. निम्मी खरखर त्यांचीच असते.

३. धारवाड, सांगली, कोल्हापूर कुठं लागतं ते आत्ताच शोधून डायलवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. अंधारात बॅटरी मारली की दिसतो.

सेल आत ठेवून रेडिओ कपाटात टाकू नका. सेल पाझरतात, स्प्रिंगा गंजतात. जुना-नवा सेल एकत्र तर नकोच.