क्लासिकला रुंद टायर बसवताय? आधी टेप घ्या, मग पाना

कात्रजचा घाट उतरत होतो. मागे बायको, सोबत दोन दिवसांचं सामान. तिसऱ्या वळणावर रबर जळाल्याचा वास आला. आधी वाटलं पुढच्या ट्रकचे ब्रेक असतील, पण ट्रक पुढे निघून गेला आणि वास आमच्याबरोबरच राहिला. गाडी कडेला घेऊन वाकून पाहिलं, तर मागचा नवाकोरा १४०चा टायर चेन-कव्हरला घासून बोटभर रुंदीचा गुळगुळीत पट्टा पडला होता. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, आरामात बसतो." बसला होताच. फक्त मी एकटा असताना, सपाट रस्त्यावर.

हा लेख २०१४च्या माझ्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०वर बेतलेला आहे, म्हणजे यूसीई इंजिनाची (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात) जुनी क्लासिक. गाडी दुसरी असली तर आकडे बदलतील, पद्धत तीच.

आधी कायद्याचं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकानं ठरवून दिलेल्या मूळ तपशिलात मालकाला मनमानी बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. एक माप वाढवलेला टायर आणि चिमटा (मागचं चाक धरणारा दुबाहू सांगाडा, स्विंगआर्म) कापून बसवलेलं २००चं चाक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे खरं. तरी आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारा. अपघाताच्या दाव्यात बदललेल्या चाकाचा मुद्दा निघाला तर तोंडी आश्वासन कामाला येत नाही.

पायरी १ : टायरवरचे आकडे वाचा

मागच्या टायरवर ११०/९०-१८ असं लिहिलेलं असतं. ११० म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. ९० म्हणजे त्या रुंदीच्या ९० टक्के उंची, इथे ९९ मिमी. १८ हा रिमचा इंचातला व्यास. म्हणजे चाकाचा पूर्ण व्यास ४५७ अधिक दोनदा ९९, साधारण ६५५ मिमी.

आता हाच हिशेब इतर मापांना लावा. १२०/८०-१८ भरतो ६४९, १३०/७०-१८ भरतो ६३९, आणि १४०/७०-१८ चक्क ६५३. मूळ व्यासाच्या इतका जवळ, म्हणूनच दुकानदार १४० पुढे सरकवतात. मडगार्डला लागत नाही, गाडी खाली बसत नाही, दिसायला दणकट. घोळ रुंदीत असतो, आणि तो दुकानात उभ्या गाडीवर दिसत नाही.

यापुढे ६१पी सारखं काहीतरी छापलेलं असतं. ६१ म्हणजे टायर २५७ किलो भार पेलतो, पी म्हणजे ताशी १५० किमीपर्यंत चालतो. नवा टायर यापेक्षा कमी आकड्याचा घेऊ नका. बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडेही बघा. २३२४ असेल तर टायर २०२४च्या तेविसाव्या आठवड्यातला. काउंटरवर 'फ्रेश माल' म्हणून ठेवलेला तीन वर्षं जुना टायर मी स्वतः परत केला आहे.

पायरी २ : रिमची रुंदी

बहुतेकांची गाडी इथेच चुकते. टायरची रुंदी रिम ठरवते. रिमवर २.१५ किंवा २.५० असा आकडा कोरलेला असतो. ती दोन्ही कडांच्या आतली रुंदी, इंचात. १२०/८०ला साधारण अडीच ते तीन इंची रिम लागते, १४०/७०ला साडेतीन ते साडेचार. टायर कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक मापापुढे हे दिलेलं असतं. तो बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.

माझ्या जुन्या रिमवर २.१५ होतं. तिच्यावर १४० चढवला तेव्हा रिमनं टायरच्या दोन्ही बाजू आत ओढल्या आणि मधला भाग कैरीच्या टोकासारखा वर आला. व्हर्नियर लावून मोजलं तर रुंदी भरली १३२. म्हणजे पैसे १४०चे, रुंदी १३२ची, आणि रस्त्याला टेकणारा पट्टा आधीच्या ११०पेक्षाही अरुंद. वळणावर गाडी आधी जड वाटायची आणि मग एकदम पडायची.

पायरी ३ : जागा मोजा

डबल स्टँडवर गाडी लावा. टायर आणि चिमटा, टायर आणि चेन, टायर आणि चेन-कव्हर, टायर आणि ब्रेकचा रॉड या चारही ठिकाणची फट मोजून वहीत लिहा. डावी-उजवी फट सारखी नसते. चेनकडची बहुधा कमीच. टायर १० मिमीनं रुंद केला की प्रत्येक बाजूला ५ मिमी जाणार. ते जाऊन सगळ्यात अरुंद जागी ७-८ मिमी उरत असतील तरच पुढे जा. वेगात टायर थोडा फुगतो, चेन सैल झाली की हेलकावते, आणि चिखल बसायलाही जागा हवी.

मग माझ्याकडून राहून गेलेली गोष्ट करा. दोन्ही मागचे शॉकअप सोडा, चाक हातानं वर उचला आणि मडगार्ड, कव्हर, वायरिंग यांना कुठे लागतं ते बघा. घाटात बायको आणि सामान बसल्यावर चाक तिथपर्यंत जातं.

पायरी ४ : नवी रिम की अलॉय?

क्लासिकच्या तारांच्या चाकाला ४० स्पोक असतात. जुन्याच ड्रमवर (चाकाच्या मधल्या, ब्रेक असलेल्या भागावर) स्पोकनं रुंद रिम विणून घेणं हा मला पटलेला रस्ता, कारण ब्रेक, बेअरिंग, चेन-स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) सगळं जागेवर राहतं. फक्त जुने स्पोक सोडण्याआधी ड्रमच्या कडेवर सरळ पट्टी ठेवून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. रिम २.१५ वरून २.५० झाली की ती सुमारे ९ मिमीनं रुंद होते, म्हणजे प्रत्येक कड साडेचार मिमीनं बाहेर येते. हे वजा न करता विणलं तर चाक मध्यावर बसत नाही. स्पोकची लांबीही नव्या रिमप्रमाणे मोजूनच घ्या.

अलॉयचा फायदा म्हणजे ट्यूबलेस. मात्र स्वस्त ओतकामाची अलॉय खड्ड्यात तडकते, आणि तडा आधी दिसतच नाही. रिमवर आयएस १६१९२ आणि टायरवर आयएस १५६२७ या मानकाची खूण शोधा. सापडली नाही तर दुकान बदला. अलॉयसोबत येणारे बुश आणि वॉशर तुमच्या एक्सलच्या मापाचे आहेत ना, हेही घरी नेण्याआधी काउंटरवरच घालून बघा. पुण्यात नाना पेठेत एका गल्लीत दहा दुकानं फिरता येतात, तेव्हा घाई कशाला?

पायरी ५ : चढवणं

चाक काढण्याआधी चेन-ॲडजस्टरच्या खुणांचा मोबाइलवर फोटो काढा. ब्रेक-रॉड, मग एक्सलचा नट. एक्सल निघाला की बुश ज्या क्रमानं आले त्याच क्रमानं कागदावर मांडून ठेवा. ड्रममधले रबरी कुशन याच वेळी बघा. दबलेले असतील तर बदला, फार खर्च नाही.

टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेनं आहे का ते पाहा. ठिपका असेल तर तो वॉल्व्हपाशी आणा. कडेला साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल अजिबात नको. तारांच्या चाकाला ट्यूब त्याच मापाची, शिवाय रिमपट्टी नवी. हवा भरताना कड 'फट्' करून बसली पाहिजे. टायरच्या बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबापर्यंत बसली नाही, तर हवा सोडा, पुन्हा साबण लावा. "अजून थोडी मारतो" म्हणणाऱ्या पंक्चरवाल्यापासून दोन पावलं लांब उभे राहा.

पायरी ६ : आऊट आणि लाइन

चाक गाडीवर बसवून चिमट्याला एक प्लास्टिकची पट्टी बांधा, तिचं टोक रिमच्या कडेजवळ आणा आणि चाक हातानं फिरवा. फट दोन मिमीपेक्षा जास्त कमी-जास्त होत असेल तर आऊट, म्हणजे रिमचा डगमग, काढून घ्या. स्पोक-पान्यानं पाव फेरा, पुन्हा फिरवून बघायचं. हे काम घाईत होत नाही. चांगला आऊट काढणारा माणूस गप्प असतो आणि स्पोक वाजवून बघतो. ढिला स्पोक बद्द वाजतो.

मग बॅलन्सिंग, आणि शेवटी लाइन, म्हणजे दोन्ही चाकं एका रेषेत आणणं. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी पुढे सुतळी ताणा. मागे १२० आणि पुढे ९०चा टायर असेल तर पुढच्या चाकापाशी दोन्हीकडे साधारण १५ मिमी फट दिसली पाहिजे. एकीकडे १० आणि दुसरीकडे २० आली तर ॲडजस्टर हलवा. चिमट्यावरच्या खुणांवर मी फार विसंबत नाही. चेनचा ढिलेपणा २५ ते ३० मिमी, एक्सलचा नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, आणि ब्रेक पुन्हा जुळवून घेणं, हे विसरू नका.

या क्लासिकचं स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालतं. त्यामुळे फक्त मागचा टायर बदलला तर काटा खोटं बोलत नाही. पुढचा बदलला तर मात्र बोलतो.

पहिले काही दिवस

नवा टायर गुळगुळीत असतो. पहिले १५० किमी हळू चालवा, पावसात तर जास्तच जपून. ५० किमीवर नट तपासा, ५०० किमीवर स्पोक. नवे विणलेले स्पोक हमखास ढिले होतात. हवा मी मागे ३० पीएसआय ठेवतो आणि महिन्यातून दोनदा सकाळी थंड टायरवर मोजतो.

आता माझ्या गाडीला अडीच इंची रिमवर १२०/८० आहे. मूळ मापाहून जेमतेम बोटभर जाड दिसतो, मित्र विचारतात, "बदललास का खरंच?" घाटात वास येत नाही. जुनी रिम आणि जुना टायर पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. गाडीला १५ वर्षं झाली की नोंदणी नव्यानं करताना तपासणीला तेच चाक लावून जाणार.