शिक्षकांच्या मानसिक आरोग्य प्रशिक्षणाआधी: केंद्रप्रमुखांसाठी तयारीची यादी

हॉल आणि चहा-नाश्ता नंतर बघा, आधी फोन नंबरांचा एक कागद तयार करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक, जवळचं मैत्री क्लिनिक (किशोरवयीन मुलांसाठीचं सरकारी सल्ला केंद्र), राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तालुका पथक, बाल कल्याण समिती आणि पोलीस ठाणे यांचे नंबर त्यावर हवेत. सोबत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ लिहा. मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याच्या रुग्णालयात कोणत्या वारी येतात तेही विचारून घ्या. प्रत्येक नंबर स्वतः लावून बघा. प्रशिक्षण झालं की शिक्षक मुलांकडे लक्ष देऊ लागतात आणि मुलं बोलू लागतात. अशा वेळी पाठवायचं कुठे हेच ठाऊक नसेल, तर बोललेलं मूल पुन्हा गप्प होतं, आणि दुसऱ्यांदा सहसा बोलत नाही.

तारीख जुलै-ऑगस्टमधली धरा. तोवर वर्गशिक्षकाला मुलं माहीत झालेली असतात आणि परीक्षेची घाई नसते. बीड, अहिल्यानगरसारख्या ऊसतोडीच्या पट्ट्यात तर दिवाळीच्या आत सगळं उरकायलाच हवं, कारण हंगाम लागला की आईबाप कारखान्यावर जातात आणि मुलं आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. शिक्षकाची खरी गरज तेव्हा पडते. महिन्याच्या शिक्षण परिषदेला मात्र हा विषय जोडू नका, माहिती भरण्यातच दिवस जातो.

एका गटात तीसच जण घ्या. द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक पहिल्या गटात, दुसरा दुसऱ्या गटात, म्हणजे शाळा बंद राहत नाही. मुख्याध्यापक पहिल्या गटात हवेतच. त्यांना विषय पटलेला नसेल, तर परत आलेल्या शिक्षकाला मुलाशी बोलायला कोपरासुद्धा मिळत नाही. आश्रमशाळा असेल तर अधीक्षक-अधीक्षिकांनाही बोलवा. घरची आठवण, अंथरूण ओलं होणं, रात्रीचं रडणं शिक्षकाला दिसत नाही, त्यांना दिसतं.

दोन दिवस, रोज सहा तास, आणि सहा आठवड्यांनी अर्धा दिवस, इतका वेळ लागतो. एकच दिवस मिळाला तर आजारांची माहिती देणारं व्याख्यान कापा, सरावाला हात लावू नका. शिक्षकाने निदान करायचं नसतं. लक्ष ठेवणं, ऐकणं आणि योग्य माणसापर्यंत पोचवणं ही त्याची तीन कामं. त्यामुळे आजारांची लक्षणं मोजायचे तक्ते वाटू नका. ते हातात आले की आठवड्याभरात वर्गातल्या निम्म्या मुलांवर शिक्के बसतात. ‘डिप्रेशन आहे’ असं न लिहिता ‘तीन आठवड्यांत सहा दिवस गैरहजर, शालेय पोषण आहार घेत नाही, मधल्या सुट्टीत एकटा बसतो’ असं लिहायला शिकवा. लक्ष नसलेल्या मुलाला कदाचित फळाच दिसत नसेल, म्हणून डोळे आणि कान आधी तपासून घ्या.

सरावासाठी दहा प्रसंगांची कार्डं करा, त्यात कोणत्याही खऱ्या मुलाची ओळख नको. तिघांचा गट करा: एक शिक्षक, एक मूल, एक निरीक्षक. सात मिनिटं बोलणं, तीन मिनिटं निरीक्षकाचं सांगणं, मग भूमिका बदला. निरीक्षकाने दोनच गोष्टी टिपायच्या: पहिला प्रश्न कोणता विचारला आणि सल्ला कितव्या वाक्याला आला. सहावीतली मुलगी म्हणते, “बाई, मला शाळेत यावंसंच वाटत नाही.” बहुतेकांच्या तोंडून चटकन निघतं, “असं नाही म्हणायचं, तू हुशार ना?” बोलणं तिथेच संपतं. “बरं झालं सांगितलंस. कधीपासून वाटतंय असं?” असं विचारून गप्प बसायचं. ही शांतता शिक्षकांना फार जड जाते, म्हणून ती घड्याळ लावून करून घ्या.

“जगूच नये असं कधी वाटतं का?” हा प्रश्न प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घ्या. विचारल्याने मुलाच्या डोक्यात तसा विचार येत नाही, उलट कुणीतरी विचारलं याने हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर मुलाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, मुख्याध्यापकांना सांगायचं, पालकांना बोलवायचं आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. त्रास घरातूनच होत असेल तर त्या पालकाला न बोलावता १०९८ ला फोन करायचा. “कुणाला सांगणार नाही” असं वचन कधीही द्यायचं नाही. “तुझ्या सुरक्षिततेसाठी एकदोघांना सांगावं लागेल, पण कुणाला ते आधी तुला सांगेन,” असं म्हणायचं.

पॉक्सो कायद्यासाठी, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्यासाठी, पूर्ण तास राखा. असा अत्याचार कळला तर कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. “आधी शाळेत चौकशी करू” इथेच सगळं बिघडतं: मुलाला तेच तेच सांगावं लागतं, गावात वाच्यता होते आणि आरोपी सावध होतो. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, उलटतपासणी करायची नाही. नोंदवही मुख्याध्यापकांच्या कपाटात, कुलपात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यातलं एक अक्षरही जाता कामा नये.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली आहे, हे पहिल्याच तासाला स्पष्ट सांगा. ज्या वर्गात छडी आहे आणि मुलाला ‘ढ’ म्हटलं जातं, त्या वर्गात कोणतंही मूल मन मोकळं करणार नाही.

प्रशिक्षक दोन हवेत: एक मानसिक आरोग्य पथकातला, दुसरा वर्गावर शिकवणारा. दोघे लागतातच, कारण सरावात एखाद्या शिक्षकाचं स्वतःचं दुःख वर येतं. मग एकाने त्याच्यासोबत शेजारच्या खोलीत बसायचं. ‘मधेच उठून बाहेर गेलं तरी चालेल’ हे सुरुवातीलाच सांगून ठेवा.

सहा आठवड्यांनंतरच्या अर्ध्या दिवसात शिक्षकांनी मुलांची नावं न घेता आपण कुठे अडलो ते सांगायचं, आणि उरलेला वेळ पुन्हा ऐकण्याच्या सरावाला द्यायचा, कारण सर्वांत आधी विसरतं तेच. त्या दिवसाची तारीख पहिल्याच आदेशात घाला. ‘नंतर कळवू’ म्हटलं की निवडणुकीची कामं आणि ऑनलाइन माहिती भरणं यात ती राहूनच जाते.