एनक्लेक्सची पात्रता: जीएनएम, बीएससी की पोस्ट बेसिक? या चुका टाळा

"माझं नुसतं जीएनएम झालंय, मला एनक्लेक्स-आरएन देता येईल का?" बहुतेकींचा पहिला प्रश्न हाच असतो. एनक्लेक्स-आरएन म्हणजे अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स (आरएन) म्हणून परवाना मिळवण्यासाठीची परीक्षा, आणि जीएनएम म्हणजे आपल्याकडचा नर्सिंगचा डिप्लोमा. अमेरिकेतल्या राज्यांच्या नर्सिंग बोर्डांना डिप्लोमा की डिग्री याचं आपल्याला वाटतं तेवढं अप्रूप नसतं. तिथल्या मुलीही कुणी असोसिएट डिग्री, कुणी डिप्लोमा, तर कुणी चार वर्षांची बीएसएन ही नर्सिंगची पदवी करून त्याच परीक्षेला बसतात. बोर्ड बघतं ते तास. मेडिकल, सर्जिकल, प्रसूती, बालरोग आणि मानसिक आरोग्य या विषयांत वर्गात किती तास झाले आणि वॉर्डात किती, याचा हिशोब जुळला पाहिजे. म्हणूनच कधी कधी जीएनएमवालीचा अर्ज सुटतो आणि बीएससीवालीचा अडकतो.

एएनएमचं, म्हणजे सहायक परिचारिकेच्या छोट्या कोर्सचं, मात्र तसं नाही. त्या कोर्सवर आरएनची पात्रता मिळत नाही, एजंट कितीही "करून देऊ" म्हणाला तरी.

पोस्ट बेसिकवाल्यांची नेहमीची गफलत

आधी जीएनएम, मग नोकरी सांभाळून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएससी, म्हणजे डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी. अर्ज भरताना साहजिकच वाटतं, की मोठी पदवी दाखवली म्हणजे झालं. मग ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार तासांचा कॉलेजचा दाखला, फक्त पोस्ट बेसिकचं जातं आणि काही महिन्यांनी 'क्लिनिकल (वॉर्डातले) तास अपुरे' असं उत्तर येतं. चूक उत्तर देणाऱ्याची नाही. तुम्हाला नर्स म्हणून पहिलं रजिस्ट्रेशन मिळालं ते जीएनएमवर, आणि पायाभूत पोस्टिंगचे, म्हणजे शिकताना वॉर्डात केलेल्या कामाचे, बहुतेक तासही त्याच वर्षांतले. दोन्ही कोर्सचं ट्रान्सक्रिप्ट पाठवायचं, दोन्ही कॉलेजांकडून, वेगवेगळं. एमएससी केलेल्यांनाही हेच लागू. आणि आयसीयूतला पंधरा वर्षांचा अनुभव बालरोगाचे राहिलेले तास भरून काढत नाही. मला हा नियम कोरडा वाटतो, पण आहे तो असा आहे.

जुन्या अभ्यासक्रमातून शिकलेल्या ब्रदरनी, म्हणजे पुरुष नर्सनी, आपलं रजिस्ट्रेशन एकदा नीट वाचावं. त्या काळी काही ठिकाणी मुलांना मिडवायफरीऐवजी (प्रसूतीशास्त्राऐवजी) दुसरा विषय असे. प्रसूतीचे तासच नसतील तर बोर्ड तिथेच बोट ठेवणार. हे पैसे भरायच्या आधी कळलेलं बरं.

गुणपत्रिका म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे

सर्वांत जास्त वेळ इथे जातो. कॉलेजच्या ऑफिसात 'ट्रान्सक्रिप्ट हवंय' म्हटलं, की गुणपत्रिकांच्या झेरॉक्सवर 'सत्यप्रत' असा शिक्का मारून गठ्ठा हातात मिळतो. त्याचा उपयोग शून्य. बोर्डासाठी परदेशातलं शिक्षण तपासणाऱ्या मूल्यांकन संस्थेला विषयवार थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास हवेत, आणि ते कागद कॉलेजने स्वतः थेट पाठवायला हवेत. तुम्ही घरून पाठवलेलं पाकीट धरलं जात नाही. क्लार्कला दोष देऊन उपयोग नाही, असं काम त्याच्याकडे वर्षातून एखादं येत असेल. आपणच संस्थेचा फॉर्म, विषयांची यादी आणि आपल्या बॅचचा अभ्यासक्रम घेऊन जायचं. 'आपल्या बॅचचा' हे महत्त्वाचं. जीएनएम कधी तीन वर्षांचं होतं, कधी साडेतीन. आजच्या अभ्यासक्रमातले तास तुमच्या नावावर लिहिले तर ते जुळणार नाहीत.

'मेडिकल सर्जिकल नर्सिंग : ७५' अशी ओळ असेल, तर ते ७५ गुण की ७५ तास? वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. पाकीट बंद होण्याआधी अशी प्रत्येक ओळ तपासा.

रजिस्ट्रेशनची पडताळणी नर्सिंग कौन्सिलने थेट पाठवायची असते. महाराष्ट्रात रजिस्ट्रेशन करून पुढे दिल्ली किंवा कर्नाटकात नोंदणी केली असेल, तर दोन्ही कौन्सिलांची नावं अर्जात द्या. एक लपवली, किंवा नुसती विसरली, तरी फाइल थांबते.

राज्य निवडताना

परीक्षा एकच, पण पात्रता ठरवतं ते राज्याचं बोर्ड. मैत्रिणीने जिथून दिली तिथूनच आपणही, असं करू नका. कॅलिफोर्नियात थिअरी आणि त्याच विषयाचं क्लिनिकल बरोबरीने झालेलं असावं लागतं. आपल्याकडे लेक्चर एका वर्षी आणि पोस्टिंग पुढच्या वर्षी, असंही होतं. अशांचे अर्ज तिथे अडकतात. काही राज्यं सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) मागतात, न्यूयॉर्कला अर्जासाठी तो लागत नाही. मूल्यांकनाचा कोणता अहवाल चालेल हेही बोर्डच सांगतं. सीजीएफएनएस ही मूल्यांकन संस्था शोधताना गोंधळू नका, २०२५ पासून त्या संस्थेचं नाव ट्रूमेरिट आहे.

परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू या कंपनीकडे २०० डॉलर भरले म्हणजे पात्रता मिळाली, असंही नाही. ती फक्त परीक्षेची नोंदणी. ती ३६५ दिवस खुली राहते. तेवढ्यात बोर्डाने पात्र ठरवलं नाही तर पैसे गेले. भारतातल्या केंद्रावर तारीख घेताना वेगळं शुल्क पडतं.

नावाचा घोळ

गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. कौन्सिलच्या सर्टिफिकेटवर तिसरंच काहीतरी. परीक्षेची परवानगी, म्हणजे एटीटी, ज्या नावाने येते तेच नाव पासपोर्टवर असायला हवं, नाहीतर केंद्राच्या दारातून परत यावं लागतं. बोर्डाचा आणि पिअर्सनचा, दोन्ही अर्ज पासपोर्टप्रमाणेच भरा, जुन्या नावासाठी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र जोडा. चूक दिसली तर एटीटी येण्याआधी दुरुस्त करून घ्या.

'तास कमी' असं पत्र आलंच तर

लगेच दुसऱ्या राज्यात अर्ज टाकू नका. कोणता विषय आणि त्यातलं काय, थिअरी की क्लिनिकल, हे आधी वाचा. पुष्कळदा तास झालेले असतात, कागदावर चढलेले नसतात. विशेषतः मानसिक आरोग्याचं पोस्टिंग बाहेरच्या रुग्णालयात झालं असेल तर ते गळतं. जुनं लॉगबुक सापडलं तर ते घेऊन कॉलेजकडून दुरुस्त ट्रान्सक्रिप्ट पाठवून घ्या. तास खरोखरच झाले नसतील, तर कोणता पूरक कोर्स मान्य होईल हे बोर्डाकडून लेखी घ्या आणि मगच त्या कोर्सची फी भरा.