लॉन पिवळं पडलंय? युरियाची पिशवी आधी खाली ठेवा

लॉन पिवळं दिसलं की माणसं दोनच गोष्टी करतात: पाईप लावतात, नाहीतर मूठमूठ युरिया फेकतात. मिळणारे सल्लेही बहुतेक तेवढेच. पाणी आधीच जास्त झालं असेल तर पाईपने उरलीसुरली मुळं कुजतात. लोह कमी असेल तर युरियाने गवत भराभर वाढतं आणि आणखी फिकट दिसतं. तेव्हा नक्की काय बिघडलंय ते कळेपर्यंत खत बंद, आणि माती तपासल्याशिवाय पाणीही नाही.

आधी डागांचा आकार बघा. सरळ पट्टे असतील तर खत टाकताना कमी-जास्त पडलंय. गोल पिवळा डाग आणि त्याभोवती गर्द हिरवी कड असेल तर ते कुत्र्याचं काम; भरपूर पाणी ओता आणि विसरा. कापणीनंतर लगेच सगळं पिवळं झालं असेल तर फार खोल कापलंय. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. पात्यांची टोकं चिंधीसारखी फाटलेली दिसली तर मशीनच्या ब्लेडला धार लावा. चालल्यावर बुटांना नारिंगी भुकटी लागली तर तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग.

मग खुरपं घ्या. पिवळ्या जागेचं गवत मुठीत धरून ओढा. मुळांशिवाय सहज उचललं गेलं तर खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी आहे. फूटभर लांब-रुंद तुकड्यात एक-दोन अळ्या सापडल्या तर गवत ते सोसतं. दहाच्या आसपास निघाल्या तर उपाय करावाच लागतो. गवत घट्ट असेल तर १० ते १५ सेंटीमीटर खोल ढेकूळ काढा. मुळं पांढरी, कडक असली तर ठीक. तपकिरी, बुळबुळीत आणि कुजका वास असेल तर पाणी साचतंय. वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली होईपर्यंत, नळाला हात लावू नका. माती कोरडी भुसभुशीत आणि गवतावर पावलांचे ठसे तसेच राहत असतील तर तहान आहे. खुरपंच आत जात नसेल तर माती दबलीय, टोच्याने भोकं पाडा.

आता पातं वाचा. इथवर काही सापडलं नाही तर बहुतेक वेळा प्रश्न नत्राचा (नायट्रोजनचा, जो युरियातून मिळतो) की लोहाचा, एवढाच उरतो. ही पायरी मला सगळ्यात जास्त छळायची, कारण उभ्याने पाहिलं तर दोन्ही पिवळे रंग सारखेच दिसतात. उभ्याने पाहून निदान सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. गुडघे टेका, गवताचा एक फुटवा, म्हणजे एका बुडातून आलेली पाती, मुळापासून उपटा आणि उजेडात धरा.

फुटव्यात सगळ्यात बाहेरचं, खालचं पातं जुनं. मधून सुरळीसारखं वर येतं ते नवं. नत्र कमी पडलं की रोप जुन्या पात्यातलं नत्र काढून नव्याला पुरवतं, म्हणून खालची पाती आधी आणि सरसकट पिवळी पडतात. वाढही मंदावते, कापणी लांबते. लोहाचं उलट: एकदा पात्यात बसलं की ते तिथून हलत नाही. म्हणून जुनी पाती हिरवी राहतात आणि नवं पातं पिवळं येतं. गवताच्या शिरा उभ्या समांतर असतात, त्यामुळे हिरवी रेघ, पिवळी रेघ असे बारीक पट्टे दिसतात. टंचाई फार वाढली की पट्टेही जातात आणि पातं जवळजवळ पांढरं होतं. एकाच फुटव्यावर भरवसा नको. चार-पाच ठिकाणचे घ्या, तेही डागाच्या कडेचे. मधले इतके थकलेले असतात की त्यावरून काही कळत नाही.

तरीही मन डळमळलं तर छोटी चाचणी घ्या. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, विरघळवा आणि संध्याकाळी मीटरभर जागेवर पाती भिजतील एवढंच फवारा. पाणी लगेच वापरा. ठेवलेलं गंजाच्या रंगाचं होतं आणि निकामी ठरतं. फरशीवर थेंब पडू देऊ नका, डाग जन्मात निघत नाही. दोन-तीन दिवसांत तेवढाच चौकोन हिरवा झाला तर लोहच कमी होतं. शेजारच्या चौकोनात थोडा युरिया टाकून पाणी द्या. त्याचा फरक दिसायला आठवडाभर तरी लागतो. संयम नसेल तर ही चाचणी करूच नका.

उपाय. नत्राला चौरस मीटरला ५ ग्रॅम युरिया, कोरड्या गवतावर, आणि लगेच पाणी. ओल्या पात्याला दाणा चिकटला की तिथे करपतं. पूर्ण मात्रा साधारण दुप्पट असते, पण आजारी गवताला ती एकदम देऊ नये. उरलेली महिन्याने द्या.

लोहाला तीच हिराकसची फवारणी सगळीकडे. रंग टिकत नाही, कारण हिरवी झालेली पाती कापली जातात आणि नवी पुन्हा पिवळी येतात. फवारणी हा तात्पुरता इलाज आहे. मूळ कारण बहुतेक वेळा जमिनीचा जास्त सामू (पीएच) असतो, किंवा सततची ओल, जिच्यात लोह असूनही मुळांना घेता येत नाही. म्हणून रोजचा शिडकावा थांबवा आणि आठवड्यातून एकदा-दोनदा खोल पाणी द्या, आठवड्याला एकूण २.५ सेंटीमीटरच्या आसपास. लॉनवर सपाट तळाचा डबा ठेवला की मोजता येतं.

सामू उतरवायला गंधक टाकण्याआधी मूठभर कोरड्या मातीवर व्हिनेगर ओता. फेस आला तर जमिनीत चुना मुरलेला आहे. तिथे गंधकावर पैसे घालवू नका, चुना तो गिळून टाकतो. अशा जमिनीत मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए चिलेट (लोहाला मातीत विरघळलेलं ठेवणारं संयुग) असलेलं लोह घ्या. ईडीटीएवालं स्वस्त पडतं, पण चुनखडीच्या मातीत टिकत नाही.