शाळा केंद्राची सामाजिक-आर्थिक माहिती काढताय? या चुका टाळा

केंद्रातल्या, म्हणजे एका केंद्रप्रमुखाकडच्या गटातल्या, दहा-बारा जिल्हा परिषद शाळांच्या गावांची लोकसंख्या, व्यवसाय, उत्पन्न यांचा तक्ता करायचा म्हटलं की जो तो आधी 2011 ची जनगणना उघडतो. बीड जिल्ह्यातल्या किंवा पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या पट्ट्यात पहिली फसगत इथेच होते.

त्या जनगणनेत माणसं मोजली 9 ते 28 फेब्रुवारी या काळात. या सगळ्या दिवसांत जो गावात नव्हता, त्याची नोंद गावात नाही. तो जिथे होता तिथे. आणि फेब्रुवारीत ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कुठे असतात? साखर कारखान्याच्या हद्दीत, कोपीत, त्यांच्या तात्पुरत्या झोपडीत. म्हणजे धारूर किंवा वडवणीच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीचा आकडा बराचसा मागे राहिलेल्यांचा असतो. कारखान्याजवळच्या गावाचा उलट फुगलेला असू शकतो. इकडे यू-डायससाठी (शाळांची सरकारी माहिती नोंदवण्याची पद्धत) पट धरायची तारीख वर्षानुवर्षं 30 सप्टेंबर, तेव्हा तर सगळे घरी. सप्टेंबरच्या पटाला फेब्रुवारीच्या लोकसंख्येने भागलं तर काय होणार? आमच्या तक्त्यात एकदा पटनोंदणी शंभर टक्क्यांच्या वर गेली होती, आणि सभेत त्याचं कौतुकही झालं!

यावर साधा उपाय म्हणजे दोन रकाने करा: पोळ्याला घरात किती माणसं, संक्रांतीला किती. अंगणवाडी सेविकेची कुटुंबांची नोंदवही आणि ग्रामपंचायतीची जन्मनोंद शेजारी ठेवा. हंगामी वसतिगृहातली, आजीपाशी राहिलेली आणि आईबापांबरोबर गेलेली मुलं वेगवेगळी लिहा. शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला तिकडच्या शाळेत घ्यावं म्हणून दिलेलं) दिलं म्हणजे मूल तिकडच्या शाळेत बसलंच, असं धरू नका. तिकडच्या मुख्याध्यापकांना फोन करा.

जनगणनेतली आणखी एक मेख साक्षरतेची. हा दर सात वर्षं व त्यावरच्या लोकसंख्येवर काढतात. समजा गाव 1,200 वस्तीचं, त्यात 0 ते 6 वयाची 180 मुलं आणि साक्षर 765. तर भागायचं 1,020 ने. येतात 75 टक्के. घाईत 1,200 ने भागलं की 64 वर घसरतात आणि गाव उगाच मागास ठरतं. 0 ते 6 म्हणजे सात वर्षांची मुलं, सहा नव्हेत. एका वयाची सरासरी काढताना हेही विसरलं जातं. शिवाय 2011 मधली ती मुलं आता प्राथमिक शाळेच्या वयापलीकडे गेली. पुढची जनगणना 2027 ची, तोवर चालू वर्षासाठी तो आकडा वापरण्यात अर्थ नाही.

उत्पन्नाचं प्रकरण सगळ्यात नाजूक. तहसीलचा दाखला शिष्यवृत्तीसाठी काढलेला असतो, तो खरं उत्पन्न सांगेलच असं नाही. पिवळं-केशरी रेशनकार्ड कित्येक वर्षांपूर्वीचं. सातबारा आजोबांच्या नावावर, खाणारी घरं चार. आणि मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्याकडून, हंगामाआधी घेतलेली उचल कुणी वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात लिहिली असेल तर ती आधी खोडा. उचल म्हणजे देणं. हंगामभर कोयता चालवून ती फेडायची असते, आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामावर जाते. पालकाला ‘व्यवसाय काय’ विचारलं की तो ‘शेती’ म्हणतो, खोटंही नसतं ते. म्हणून प्रश्न बदला: मागच्या बारा महिन्यांत कोणत्या कामावर किती महिने होता? पाऊणशे घरांत हे विचारायला चार संध्याकाळी पुरतात, आणि कुठल्याही दाखल्यापेक्षा जास्त कळतं.

हद्दींचाही घोळ असतो. महसुली गाव, गट ग्रामपंचायत (काही गावांची मिळून एक) आणि शाळेचं क्षेत्र या तीन वेगळ्या गोष्टी. तांड्यावरची मुलं जवळची म्हणून शेजारच्या गावच्या शाळेत जातात आणि आपल्या तक्त्यात ‘शाळाबाह्य’ दिसतात.

पट उतरला की ‘जन्मदर घटला’ लिहून मोकळं होऊ नका. सकाळी फाट्यावर उभं राहून तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत किती पोरं चढतात ते मोजा, मग जन्मनोंदीशी ताडून पाहा.

आणि आठ मुलांच्या शाळेत टक्केवारी नकोच. गैरहजर दोनाची तीन झाली की ‘गळतीत 50 टक्के वाढ’ असं वर कळवलं जातं; त्याऐवजी सरळ ‘तीन मुलं’ लिहा आणि ती कुठे गेली तेही लिहा.